शेतातल्या लाइनवर १३.८ व्होल्ट, २० अँपिअरचा सप्लाय: लिनिअर बांधू का?

संत्रापट्टी_एचएफ
१०० वॅटच्या एचएफ सेटसाठी (शॉर्टवेव्हवरचा हॅम रेडिओ) लिनिअर सप्लाय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-ट्रान्झिस्टरवाला, बांधायचा आहे. ट्रान्समिटला २० अँपिअर लागतात. घर वरुडजवळ शेतात, लाइन पंपांच्याच डीपीवरून. ओलित सुरू असलं की १८० व्होल्ट, पंप बंद झाले की २५०. ट्रान्सफॉर्मर तालुक्याला भरून मिळतो. सेकंडरी किती व्होल्टची सांगू? आणि चार २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर पुरतील का?

काळीमाती
भाऊ, आधी हिशेब मांडा. १८ व्होल्टची सेकंडरी २३० ला २५.४ पीक देते. ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणारे डायोड) दोनेक व्होल्ट जातात, लोडवर ट्रान्सफॉर्मर सव्वा-दीड बसतो, कपॅसिटरवर उरतात २२. हेच १८० ला साडेसोळा होतात. त्यात ८०,००० मायक्रोफॅरड लावूनही २० अँपिअरला सुमारे २ व्होल्ट रिपल (डीसीतला चढउतार), म्हणजे तळ साडेचौदा. पास ट्रान्झिस्टर (सगळा करंट ज्यातून जातो तो), त्याला चालवणारा ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टरला मिळून अडीच व्होल्ट तरी वर हवेत. ते नाहीत, म्हणून रेग्युलेशन सुटतं, आउटपुट १३.८ वर स्थिर राहत नाही, आणि तुमच्या आवाजाबरोबर १०० हर्ट्झची घरघर हवेत जाते.

बरं, २२ व्होल्टची भरली तर १८० ला निभेल. पण २५० ला कपॅसिटरवर सरासरी २९ व्होल्ट राहतात. २० अँपिअरला तीनशे वॅट नुसती उष्णता. चौघांत वाटली तर प्रत्येकी ७५ वॅट. २एन३०५५ चे ११५ वॅट केस २५ अंशांवर असतानाचे. केस ८५ वर गेली की जेमतेम ७५ उरतात. मे महिन्यात खोलीच ४५ अंशांवर असते, तेव्हा हिशेब तिथेच संपतो.

प्रायमरीला टॅप काढून रोटरी स्विच लावतात, तो इथे टाळाच. १८० च्या टॅपवर स्विच राहिला आणि पंप बंद झाले, तर १८ व्होल्टच्याच सेकंडरीवर पीक ३५ पर्यंत चढतो. ३५ व्होल्टचे कपॅसिटर फुगतात, आणि रेग्युलेटर आयसी एलएम७२३ ची मर्यादा ४० व्होल्ट आहे.

डीसी_वायर
काळीमाती यांच्याशी सहमत. अशा लाइनवर २० अँपिअर थेट लाइनमधून काढूच नका, ते बॅटरीला देऊ द्या. एसएसबीवर (एचएफवर बोलण्याची नेहमीची पद्धत) बोलणं-ऐकणं धरून सरासरी ५ अँपिअरच्या आसपास पडते. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी फ्लोटवर (कायम भरलेली ठेवणाऱ्या स्थिर व्होल्टेजवर) ठेवा आणि १० अँपिअरचाच लिनिअर बांधा. ओलिताच्या वेळी चार्जिंग मंदावलं तरी काही अडत नाही, रात्री भरून निघतं. लाइट गेली तरी सेट सुरूच.

सेकंडरी १८ व्होल्ट, २० अँपिअरची (कपॅसिटर फिल्टरवर वाइंडिंगचा आरएमएस करंट डीसीच्या पावणेदोन पट होतो, वाइंडरला हे सांगावंच लागतं). ५० अँपिअरचा ब्रिज हीटसिंकवर, ४०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे, त्यांच्यावर ४७० ओहम ५ वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर). एलएम७२३, ड्रायव्हर, तीन २एन३७७१, प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहम ५ वॅट. करंट लिमिट १० वर. रिकामी बॅटरी सप्लायला खाली ओढते ती इथे आवरते. अभ्रक आणि पेस्ट लावून कलेक्टर ते बॉडी मल्टिमीटरने तपासा, कंटिन्युइटी दिसायला नको. आउटपुटला २० अँपिअरचा स्कॉटकी डायोड, नाहीतर लाइट गेल्यावर बॅटरी उलटी आत शिरते.

सेन्सची वायर (रेग्युलेटरला आउटपुट व्होल्टेज दाखवणारी) डायोडच्या पुढून, बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्या. ती तुटली तर आउटपुट थेट वर जातं, म्हणून डब्यातच डायोडनंतरच्या टर्मिनलपासून सेन्सला १०० ओहम जोडून ठेवा. डायोडच्या अलीकडे, रेग्युलेटरच्या बाजूला १५.५ व्होल्टला सुटणारा एससीआर क्रोबार (आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवणारा) हवाच, आणि ब्रिजनंतर फ्यूज. पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की २३ व्होल्ट सरळ सेटवर येतात.

फ्लोट २५ अंशांला १३.८, पण ४० अंशांला १३.५ ठेवा, उन्हाळ्यात पाणी कमी आटतं. बॅटरीच्या प्लसजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, आणि सेटपर्यंत ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, दोन मीटरच्या आत. २.५ ची घेतली तर तेवढ्यात ०.६ व्होल्ट जातात, बॅटरी १२.२ वर असताना सेट ११.६ पाहतो आणि एसएसबी फाटते.

फेराइट
एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) १३.८ ला चढवून स्वस्तात काम होतं, कमी व्होल्टेजही बरंच पेलतो. अडचण आवाजाची. ७ मेगाहर्ट्झवर डायल फिरवताना ठराविक किलोहर्ट्झच्या अंतराने भुणभुण ऐकू आली, तर सेट फक्त बॅटरीवर चालवून एसएमपीएस बंद-चालू करून खात्री करा. तोच असेल तर दोन्ही डीसी वायरी एकत्र ३१ मिक्सच्या फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) ८-१० वेढे, एसी वायरलाही तसंच. तरीही ऐकण्याची ज्याला आवड आहे त्याने लिनिअरच घ्यावा.

संत्रापट्टी_एचएफ
बॅटरीचं पटलं. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरूनच सेट जोडला तर?

डीसी_वायर
नको. इन्व्हर्टरचा चार्जर १४.४ च्या वर नेतो, आणि त्याचा आवाज थेट सेटच्या वायरीत येतो. बॅटरी वेगळीच घ्या, हवा खेळती असेल अशा जागी ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना २३० च्या बाजूला १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर ब्रिज किंवा कपॅसिटर उलटा लागलाय. मग तो बल्ब काढून लोडसाठी गाडीचे ६० वॅटचे हेडलाइट बल्ब दोन. एकदम जोडू नका, थंड फिलामेंट कैकपट करंट ओढतं आणि लिमिट लागते. एक पेटू द्या, मग दुसरा. अर्ध्या तासाने हीटसिंकला बोट टेकवत नसेल तर फॅन लावा.