मदत हवी आहे: पूर्णवेळ पीएचडी करताना तासिका तत्त्वावर मराठी शिकवणं

नमस्कार मंडळी. मी नाशिकला राहते, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मराठीत पूर्णवेळ पीएचडी करते आहे. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) झाली आहे, कोर्सवर्क संपलंय, फेलोशिप कुठलीच नाही. आता गंगापूर रोडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आठवड्याला ९ तास मिळतायत. शिकवायला मनापासून आवडतं आणि पैशांचीही गरज आहे.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएचडीबद्दलचे २०२२ चे नियम वाचले. संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन साहाय्य देता येतं, असं त्यात आहे, पण ते दुसऱ्या कॉलेजातल्या मानधनाच्या तासांना लागू होतं का, ते कळत नाही. पीएचडीची नोंदणी अर्धवेळ करून घ्यावी तर नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि माझी नेमणूक सत्रापुरतीच. गाइड सरांची तोंडी हरकत नाही. संशोधन केंद्रात विचारलं तर दोघांनी दोन उत्तरं दिली.

पुढच्या सोमवारपर्यंत कॉलेजला कळवायचंय. वेळ कसा काढायचा हा प्रश्न नाही, दुपारनंतरचा वेळ आणि शनिवार-रविवार प्रबंधाला ठेवलेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: पूर्णवेळ नोंदणी ठेवून विद्यापीठाची लेखी परवानगी मिळाली का, की अर्धवेळ व्हावं लागलं? आणि तसं झालं असेल, तर सत्रापुरत्या नेमणुकीवर दिलेलं ना-हरकत प्रमाणपत्र चाललं का?