पायथन २.७ मधल्या जुन्या नकाशा-स्क्रिप्ट: नव्यानं लिहाव्यात की बदलत न्याव्यात?

प्रश्न:
आर्कमॅप या जुन्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या काळातल्या स्क्रिप्ट आहेत. सीएसव्हीतले अक्षांश-रेखांश वाचायचे, पायप्रोज या लायब्ररीनं यूटीएममध्ये (मीटरमधल्या निर्देशांक-पद्धतीत) न्यायचे, बिंदू विभागांच्या सीमांशी जोडायचे आणि प्रत्येक शीटची पीडीएफ काढायची. लिहिणारे सहकारी आता इथे नाहीत. आता आर्कजीआयएस प्रो या नव्या सॉफ्टवेअरवर आणि पायथन ३ वर जायचं आहे. पायथन २ चा कोड ३ मध्ये बदलणारं 'टू-टू-थ्री' चालवल्यावर प्रिंटचे कंस वगैरे आले, पण पीडीएफचा भाग 'आर्कपाय डॉट मॅपिंग' या आर्कमॅपच्या नकाशा-मॉड्यूलपाशी अडतो. सगळं पुसून नव्यानं लिहू का?

उत्तर १:
प्रोमध्ये ते मॉड्यूल नाही, त्याच्या जागी 'आर्कपाय डॉट एमपी' आहे. आर्कमॅपची नकाशा-फाइल, म्हणजे एमएक्सडी, प्रोमध्ये एकदा आयात करून प्रोच्या एपीआरएक्स प्रकारात जतन करा. एका नकाशातून अनेक शीट काढणारी डेटा ड्रिव्हन पेजेस असतील तर त्यांना आता मॅप सीरिज म्हणतात. डेटा जुन्या एमडीबीत (अ‍ॅक्सेस प्रकारच्या फाइलीत) असेल तर आर्कमॅप चालू आहे तोवर फाइल जिओडेटाबेसमध्ये काढून घ्या.

उत्तर २:
कृपया पुसू नका. त्या सहकाऱ्यांनी डेटातल्या किती खाचाखोचा पाहून एकेक 'इफ' लिहिला असेल, ते आता फक्त त्या कोडलाच माहीत आहे.

अडणाऱ्या ओळींची मला काळजी नाही, त्या स्वतःच ओरडतात. मुकाट चालून चुकीचं उत्तर देणाऱ्या ओळी शोधा.

पहिली, भागाकार. पायथन २ मध्ये ७/२ म्हणजे ३, पायथन ३ मध्ये ३.५. शीट क्रमांक असाच काढला असेल तर दुहेरी तिरकी रेघ (//) वापरा. दशांश भाग छाटणारं 'इंट' नुसतं लावू नका: उणे ७ भागिले २ जुन्यात उणे ४ यायचे, 'इंट'नं उणे ३ येतील आणि आरंभबिंदूच्या पश्चिमेकडचं शीट सरकेल.

दुसरी, अक्षांचा क्रम. ही सर्वांत घातक. नवं पायप्रोज ईपीएसजी ४३२६ (नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीचा क्रमांक) साठी आधी अक्षांश मागतं, जुना कोड आधी रेखांश देतो. २० उत्तर, ७५ पूर्व हा बिंदू उलटला तर बॅरेंट्स समुद्रात पडतो, ते लगेच दिसतं. पण ४० आणि ४५ अशी जवळची जोडी असेल तर नजर सहज फसते. पायप्रोजचा ट्रान्सफॉर्मर (निर्देशांक बदलणारा घटक) बनवताना 'ऑलवेज एक्सवाय' ट्रू ठेवा. जीडीएएल या भू-डेटा लायब्ररीच्या आवृत्ती ३ मध्येही हाच बदल आहे.

तिसरी, मजकूर. सीएसव्ही 'आरबी'नं (बायनरी पद्धतीनं) उघडत असाल तर ते बदला. एन्कोडिंग स्पष्ट लिहा. फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून आली असेल तर 'यूटीएफ-८-सिग', नाहीतर फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेमुळे पहिल्या स्तंभाचं नाव जुळत नाही. शेपफाइल वापरत असाल तर लक्षात घ्या, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ३० बाइटांच्या रकान्यात १० चिन्हंच मावतात, मात्रा धरून.

आणि हे सगळं करण्याआधी जुनी स्क्रिप्ट एका ठरावीक डेटावर चालवून निकाल बाजूला ठेवा. प्रत्येक बदलानंतर नव्याची त्याच्याशी तुलना करा: नोंदींची संख्या, नकाशावरचा विस्तार, प्रत्येक विभागातले बिंदू.

प्रश्नकर्ता:
तुलना केली. शीट क्रमांक दशांशात येत होते, दुहेरी रेघेनं जुळले. दोन विभागांतले बिंदू मात्र अजून कमी भरतात.

उत्तर २:
जोडणी नावांवरून होत असेल तर त्या विभागांची नावं सीएसव्हीत आणि सीमांच्या डेटात, दोन्हीकडे, 'रेपर' करून (लपलेली चिन्हंही दाखवून) पाहा. शेवटी रिकामी जागा किंवा नुक्त्याचं वेगळं चिन्ह असेल, तर दोन्ही बाजूंना 'स्ट्रिप' (कडेची रिकामी जागा काढणारं) आणि 'युनिकोडडेटा'चं एनएफसी (एकच अक्षर एकाच रूपात आणणारं) लावून मगच जोडणी करा.