मदत हवी आहे: लिफ्ट टेबल खालून उचलतच नाही

चौदाचा_पाना
मंडळी, गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी घरीच लिफ्ट टेबल बनवलंय, कात्रीवालं, म्हणजे फुलीसारख्या भुजा उभ्या होत गेल्या की वरची फ्रेम वर जाते. वेल्डिंग, पिना, रोलर सगळं झालं पण मशीन ठेवलं की हलतच नाही, आट्यांच्या रॉडला (स्क्रूला) ड्रिल लावून फिरवतो तर ड्रिल गुरगुरून थांबतं. रिकामं मस्त वर जातं. अर्धं वर नेऊन मग वजन ठेवलं तरी उचलतं, म्हणजे कात्री कुठे अडकत नाहीये. मोठं ड्रिल घेऊ का? लवकर सांगा, काम अडलंय.

गंजका_बोल्ट
वजन किती? भुजा किती लांब? रॉड कसला? पूर्ण खाली असताना वरच्या-खालच्या पिनांत अंतर किती? काहीच न सांगता ड्रिल कुठलं घेऊ विचारताय राव.

निवांत
स्क्रूच्या भानगडीत पडूच नका. बॉटल जॅक बसवा, तेलाच्या दाबावर उचलणारा. माझं टेबल त्यावरच आहे, काडीची तक्रार नाही.

गंजका_बोल्ट
बहुतेक बॉटल जॅक उभे वापरायचे असतात, आडवा टाकला की तेलाऐवजी हवा ओढतो. आणि तेल हळूहळू उतरतं, टेबल सकाळी खाली बसलेलं असतं.

निवांत
आडवा टाका कोण म्हणालं? माझा उभाच आहे.

गंजका_बोल्ट
मग तुमचं टेबल खाली किती बसतं तेही सांगा ना. जॅकच्या उंचीच्या खाली जाणारच नाही ते.

रंधा_मारके
वरती १८ मिमीचा प्लाय घाला, कडेला सागाची पट्टी. नुसता पत्रा टाकला तर हत्यारं घसरतात आणि आवाज फार होतो.

चौदाचा_पाना
फळीचं कोणी विचारलं? असो. मशीन दीडशे किलो, वरची फ्रेम पन्नासेक. भुजा पिनेपासून पिनेपर्यंत ८० सेंमी, पूर्ण खाली असताना पिनांमध्ये १० सेंमी. रॉड १२ मिमीचा, साधा आट्यांचा, खालच्या रोलरला आडवा ओढतो.

काटकोन
हे आधी सांगितलं असतं तर एवढी चर्चाच लागली नसती. आडव्या ओढीचा जोर म्हणजे वजन भागिले भुजांच्या जमिनीशी असलेल्या कोनाचा टॅन. १० सेंमीला तुमच्या भुजा जेमतेम ७ अंशांत आहेत, म्हणजे वजनाच्या आठपट जोर. २०० किलोला १६०० किलो, घर्षण वेगळं. २० सेंमीवर तोच जोर पावणेआठशेच्या आसपास येतो आणि ४० ला साडेतीनशे. म्हणून अर्ध्यावरून उचलतंय. मोठं ड्रिल लावाल तर आधी रॉड पिळेल, १२ मिमीच्या साध्या रॉडला १६०० किलोची ओढ म्हणजे पार काठावर, त्यात पीळ वेगळा. खाली स्टॉपर लावून २० सेंमीच्या खाली उतरूच देऊ नका, आणि रॉड २० मिमीचा ट्रॅपिझॉइडल (जाड, चौकोनीसर आट्यांचा) घ्या, नट ब्राँझचा, टोकाला थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे रॉडच्या लांबीच्या दिशेचा जोर झेलणारं. बेअरिंग नसलं तर निम्मी ताकद तिथेच घासण्यात जाते.

चौदाचा_पाना
२० वर थांबवलं तर मशीन वर चढवू कसं? मुद्दाम खाली बसणारं केलंय.

काटकोन
फळीचा उतार करा. नाहीतर तळातल्या पहिल्या उचलीसाठी मध्ये छोटा तिरका जॅक द्या, पुढचं काम स्क्रू करेल.

निवांत
म्हणजे शेवटी जॅकच ना!

सावकाश
खाली हात घालण्याआधी आडवी पिन किंवा टेकू घालायची सोय केलीये का? स्क्रूचा नट गेला तर कात्री एका झटक्यात मिटते, त्यात बोटं राहत नाहीत. आणि कॅस्टर (खाली फिरती चाकं) लावले असतील तर ब्रेकवाले घ्या.

चौदाचा_पाना
टेकू नाहीये, करतो. उतार आणि नवा रॉड फायनल. कॅस्टर आहेत, ब्रेक नाही.

रंधा_मारके
उताराला पण प्लायच घ्या, १८ मिमीच, खाली दोन आडव्या पट्ट्या मारा.