अमृत कोकमातले बेंझोएट यकृतात साचते का?

भिरंड (मूळ धागा): ‘बाटलीबंद अमृत कोकमातले सोडियम बेंझोएट हे यकृतात साचत जाणारे विष आहे, फक्त घरगुतीच घ्या,’ असा संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. अमृत कोकम म्हणजे कोकमाचे साखर घातलेले सिरप आणि बेंझोएट म्हणजे ते टिकवण्यासाठी घालायचा पदार्थ. कुडाळ परिसरात कोकमावर प्रक्रिया करूनच माझे घर चालत असल्यामुळे याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. बेंझोएट साचत नाही. आतड्यातून शोषले गेल्यावर यकृतपेशींच्या मायटोकाँड्रियात ते ग्लायसीन या अमिनो आम्लाशी जोडले जाते, त्याचे हिप्पुरिक आम्ल होते आणि त्यातले बहुतेक काही तासांतच लघवीवाटे निघून जाते. संशोधक विल्हेल्म केलर यांनी १८४२ मध्ये स्वतः बेंझोइक आम्ल गिळून हे दाखवले होते. आपल्या दह्यातही थोडे बेंझोइक आम्ल असतेच, कारण विरजणातले जीवाणू दुधातल्या हिप्पुरिक आम्लापासून ते तयार करतात. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) या दुसऱ्या टिकवण द्रव्याने कोकमाचा लाल रंग उडतो, म्हणून आम्ही बेंझोएट घालतो.

खाडीकाठ: माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर बाटलीतले सरबत प्यायल्यावर गांधी उठतात आणि घरच्या आगळाने (मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाने) उठत नाहीत, याचे उत्तर आपल्या विवेचनात कुठेच नाही. साउदम्प्टनच्या २००७ च्या अभ्यासात कृत्रिम रंग आणि बेंझोएट दिल्यावर मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला होता, हेही आपण सोयीस्करपणे वगळले आहे.

रातांबा: त्या अभ्यासात रंग आणि बेंझोएट एकत्र दिले होते, त्यामुळे एकट्या बेंझोएटवर दोष ठेवता येत नाही. काही जणांना त्याने गांधी उठू शकतात, हे मात्र खरे आहे आणि आपल्या मुलाला डॉक्टरांना दाखवायला हवे. मी औषधविक्रेता असल्याने मात्रेबद्दल लिहितो. वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम ही जुनी आंतरराष्ट्रीय मर्यादा होती, ती तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये २० केली. जुनीच धरली तरी १५ किलोच्या मुलाला ७५ मिलिग्रॅम चालते. ६०० पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे ६०० मिलिग्रॅम बेंझोएट असलेल्या, ५० ग्रॅम सिरपमध्ये ३० मिलिग्रॅम असते. रक्तात अमोनिया वाढणाऱ्या जन्मजात विकारात रुग्णालयात हेच बेंझोएट किलोमागे शेकडो मिलिग्रॅम देतात, कारण ग्लायसीनबरोबर नायट्रोजनही बाहेर जातो. तिथे मात्रा चुकली तर उलट्या होतात, श्वास वाढतो आणि रक्तातले आम्ल वाढते. ग्लायसीनचा पुरवठा अमर्याद नसतो.

समुद्रफेन: मिलिग्रॅमवर एवढा वाद घालणाऱ्यांना त्याच पेल्यातली साखर दिसत नाही, याचा मला संताप येतो. माझे वडील मधुमेह असूनही ‘कोकम औषधी असते’ म्हणून रोज दुपारी अमृत कोकम घेत राहिले आणि घरातल्या कोणीही त्यांना अडवले नाही. एवढी साखर असताना बेंझोएट लागतेच कशाला?

भिरंड: साखर कमी करा, असे आपल्यासारखेच ग्राहक सांगतात म्हणून लागते! भरपूर साखरेत यीस्ट वाढत नाही. साखर उतरवली की ते वाढते. एका हंगामात आम्ही साखर कमी करून बेंझोएटही वगळले, तेव्हा पावसाळ्यात बाटल्या आंबल्या आणि दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. तो तोटा संदेश फिरवणाऱ्यांनी भरून दिला नाही.

समुद्रफेन: मग आगळ करा.

भिरंड: आगळात मीठ किती असते, ते रक्तदाबाच्या रुग्णाला विचारा. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खाडीकाठ: साखर आणि मीठ जिभेला कळते, बेंझोएट कळत नाही, म्हणून त्याच्या मापाची जबाबदारी करणाऱ्यावर आहे. एका प्रशिक्षणात ते चमच्याने अंदाजे टाकताना मी स्वतः पाहिले आहे. कागदावर ६०० पीपीएम असले तरी बाटलीत किती असते, हे कोण सांगणार?

रातांबा: हा आक्षेप मला मान्य करावा लागतो. ६०० पीपीएम बेंझोइक आम्ल म्हणजे १० किलो सिरपला साधारण ७ ग्रॅम सोडियम बेंझोएट. एवढे वजन ग्रॅमच्या काट्याशिवाय साधत नाही. माझी खरी काळजी मात्र लिंबू आणि आवळ्याच्या सरबतांची आहे. क जीवनसत्त्व आणि बेंझोएट एकत्र आले की उष्णतेत व उजेडात थोडे बेंझीन तयार होऊ शकते आणि बेंझीनने कर्करोग होतो. मुंबई–गोवा महामार्गावर एप्रिलच्या उन्हात मांडलेल्या बाटल्यांबद्दल मात्र एकही संदेश फिरत नाही.

भिरंड: आमच्याकडे काटा आहे. लिंबूमिश्रित सरबतातले बेंझोएट मी बंद करीन आणि लेबलवर प्रमाणही छापीन, पण आधी त्या संदेशातला ‘विष’ हा शब्द मागे घ्या.

खाडीकाठ: ‘साचते’ हा शब्द मागे घेते. दुसऱ्या शब्दाचा विचार लेबल पाहिल्यावर करीन, आणि तोपर्यंत मुलाला घरचेच आगळ मिळेल.