एअरफायबरचे ग्राहक वाढायला नक्की अडतंय कुठे?

कोथरूडकर
२८ ऑगस्ट २०२३ च्या रिलायन्सच्या वार्षिक सभेत सांगितलं होतं की फायबरने रोज १५ हजार जागा जोडता येतात, एअरफायबरने, म्हणजे टॉवरवरून ५जीने तारेशिवाय घरात येणाऱ्या इंटरनेटने, दीड लाखापर्यंत जोडता येतील. पुढे तीन आठवड्यांनी, गणेश चतुर्थीला, पुण्या-मुंबईसह आठ शहरांत सेवा सुरू झाली. आता दूरसंचार नियामक ट्रायचा आकडा बघा. मे २०२५ अखेर देशभरात सगळ्या कंपन्या मिळून ५जी एफडब्ल्यूएचे (अशाच बिनतारी घरगुती इंटरनेटचे) ग्राहक सुमारे ७४ लाख. म्हणजे दिवसाला सरासरी १२ हजारांच्या आसपास.

माझं ठाम मत आहे की मागणी भरपूर आहे, गाडी अडते ती गच्चीवर. अँटेना बाहेर, उंचावर लागते. आमच्या सोसायटीत नऊ घरांना कनेक्शन हवं होतं. आदल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालेलं, त्यामुळे कमिटी कठड्याला एक भोक पाडू देईना. परवानगी मिळेपर्यंत चार महिने गेले, तोवर सहा घरांनी केबलवाल्याचं घेतलं.

टॉवरवाला
नऊच्या नऊ घरांना लगेच परवानगी मिळाली असती, तर संध्याकाळी तुम्हीच तक्रार केली असती. हे माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो. टॉवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेला सेवा देणारा भाग, परिसरातल्या सगळ्या फोनना पुरवायचा, त्यावरच ही घरं चढवायची. फोन खिशात पडून असतो, घरात मात्र रात्री नऊला टीव्ही, दोन मोबाइल आणि लॅपटॉप एकदम चालू. एक घर कित्येक फोनइतकं ओढतं. ‘तुमच्या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही’ असं दिसतं तेव्हा बऱ्याचदा सिग्नल असतो, सेक्टरमध्ये जागा नसते.

२०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात कंपन्यांनी २६ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा मोठा पट्टा घेतला, त्याने सुटका होऊ शकते. पण त्या लहरी भिंतीपुढे, झाडापुढे टिकत नाहीत.

सावंतवाडीची सून
झाडांचं निघालंच म्हणून लिहिते. आमच्या घराभोवती आंबा-फणस, मागे डोंगर. इथे गच्ची आमचीच, कमिटी नाही, तरी काही उपयोग नाही. आणि दोघंही पैशांबद्दल बोलत नाही आहात. सुरुवातीचा ५९९ चा प्लॅन जीएसटी धरून सातशेच्या वर जातो. ज्या घरात तिघांच्या फोनमध्ये रोजचा डेटा आहे, तिथे सासूबाई विचारतात, हे कशाला? त्यांना उत्तर देणं मला जमलेलं नाही.

कोथरूडकर
ताई, खेड्यातलं मान्य. पण टॉवरवाले, सेक्टर भरलेत म्हणता, मग आमच्या भागात कंपनीची मुलं दर रविवारी गेटवर टेबल टाकून का बसतात?

टॉवरवाला
विक्रीचं टार्गेट वेगळ्या खात्याचं असतं, सेक्टरचा भार वेगळं खातं बघतं. ती मुलं नाव लिहून घेतात, नंतर पत्ता तपासला जातो आणि अर्ज परत जातो. तुमच्या उरलेल्या तिघांचे स्पीड रात्री नऊ आणि पहाटे पाचला मोजून इथे टाका. फरक किरकोळ निघाला तर गच्चीचं म्हणणं मी मान्य करेन.