मदत हवी आहे: प्रवाळ आणि ढगांचं नक्की काय कनेक्शन?

मंडळी, जरा मदत करा. भाची नववीत आहे, तिने सायन्स प्रोजेक्टला "प्रवाळ आणि हवा" घेतलंय आणि आता सगळं माझ्या गळ्यात.

रविवारी ओहोटीला तिला हाजी अलीच्या खडकांवर नेलं होतं. तिथे खडकाला चिकटलेलं नाण्याएवढं मळकट प्रवाळ दिसलं, ती म्हणे हे एवढंसं ढग बनवणार? (वास मात्र नाल्याचाच येत होता 😅)

मला कळलंय ते असं, की प्रवाळात राहणारं शेवाळ आणि प्रवाळ स्वतःसुद्धा एक गंधकाचं संयुग बनवतात, त्यातून डायमिथाइल सल्फाइड वायू सुटतो, समुद्राचा जो टिपिकल वास येतो त्यात याचा मोठा वाटा, मग हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि त्यांच्यावर वाफ जमून ढगांचे थेंब तयार होतात. ढग वाढले की ऊन कमी, पाणी थंड. ही थिअरी 1987 ची, पण ती मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर होती आणि त्यावर वाद अजून चालूच आहे. ग्रेट बॅरियर रीफवर ओहोटीत प्रवाळ उघडं पडलं की हा वायू जास्त सुटतो हेही वाचलं.

आता अडलंय इथे: पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं की हा वायू वाढतो का कमी होतो? दोन्ही वाचलंय, डोक्याचा भुगा झालाय. आणि वर्गात दाखवायला बाटलीत ढग करायचाय, धुरासाठी उदबत्ती चालेल ना? सबमिशन शुक्रवारी आहे, कोणी मरीन बायोवाले असाल तर प्लीज सांगा.