मदत हवी आहे: बूस्ट होऊन पसरलेली मॅस्टोडॉन पोस्ट सगळीकडून कशी काढायची?

घाणेरी

मंडळी, जरा घाईत आहे, जाणकारांनी लवकर प्रकाश टाकावा. तंत्रातलं मला बेताचंच कळतं, तेवढं सांभाळून घ्या.

आमचा रानफुलं बघत हिंडणाऱ्यांचा छोटा गट आहे. व्हॉट्सॲपवर फोटो दोन दिवसांत वाहून जातात, म्हणून काही जणांनी मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण एका कंपनीऐवजी अनेकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेलं) खाती काढली. सर्व्हर पुण्यातले एक ओळखीचे गृहस्थ हौसेने चालवतात, त्यावर जेमतेम पन्नासेक माणसं असतील. शिवाय गटाची एक वर्डप्रेसची साइट आहे, स्वस्तातल्या होस्टिंगवर.

रविवारी गटातल्या एका कॉलेजच्या मुलाने कंदीलपुष्पाचा फोटो टाकला. फोटो अप्रतिम आहे, वादच नाही. खाली फुगीर तळ, मग बारीक नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेला पिंजरा आणि नळीच्या तोंडाशी बसलेलं चिलटसुद्धा स्पष्ट दिसतंय. पण खाली पठ्ठ्याने पठाराचं नाव, देवळामागचं पाण्याचं टाकं, तिथून कुठल्या बाजूला किती चालायचं, सगळं लिहून ठेवलं. वर गटाच्या साइटवरच्या लेखाची लिंक. कंदीलपुष्पाच्या सह्याद्रीतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, काहींची तर मोजकीच झाडं उरलीत, आणि कंदांसाठी ती खणून नेणारे लोक आहेत. (पठाराचं नाव इथे विचारू नका, सांगणार नाही.)

एरवी आमच्या पोस्ट आम्हीच बघतो. पण ही पोस्ट युरोपातल्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेने बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवली, आणि त्यांचे फॉलोअर काही हजार आहेत. तासाभरात मुलाच्या फोनवर ६३ बूस्ट दिसायला लागले. पोरगा हवेत. त्याच वेळी आमची साइट बसली आणि होस्टिंगवाल्यांची 'अतिरिक्त वापर' म्हणून मेल आली. गंमत म्हणजे माझा भाचा दुसऱ्या सर्व्हरवर आहे, त्याला त्याच पोस्टखाली ४ बूस्ट दिसतात. मग खरा आकडा कुठला?

मुलाला समजावलंय, तो पोस्ट काढायला तयार आहे. फेसबुकवर असती तर एका जागी डिलीट केली की विषय संपला. इथे ती किती सर्व्हरांवर गेलीय तेच कळत नाही. बूस्ट केल्यावर पोस्ट नेमकी कुठे जाते? काढली तर तिकडूनही जाते का? की नुसती एडिट करून जागेचं वर्णन उडवावं, म्हणजे फोटो आणि कौतुक तरी शिल्लक राहील?

उंडगा

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे: एडिट करू नका. मॅस्टोडॉनवर एडिट केलेल्या पोस्टचा इतिहास सगळ्यांना उघडून बघता येतो. पोस्टखाली एडिटची वेळ दिसते, तिच्यावर टिचकी मारली की आधीचा मजकूर जसाच्या तसा समोर. वर ज्यांनी बूस्ट केलंय त्या सगळ्यांना 'पोस्ट बदलली' अशी सूचना जाते, म्हणजे काय बदललं ते बघायला लोक आवर्जून येणार. सरळ डिलीट.

खुंटी

बूस्टचं एवढं काय घेऊन बसलात, लाईकनेही पसरतेच की. जितके स्टार जास्त, तितकी पोस्ट वर ढकलली जाते. त्या मुलाच्या मित्रांना आधी स्टार काढायला सांगा.

अडगळ

खुंटी, तो इन्स्टाग्रामचा हिशोब झाला. इथे होम टाइमलाइन काळाच्या क्रमाने चालते, वर ढकलणारं कोणी बसलेलं नाही. स्टार दिला की तो निरोप फक्त मूळ लेखकाच्या सर्व्हरला जातो आणि तिथेच थांबतो. स्टार देणाऱ्याच्या फॉलोअरांना त्याचा पत्ताही नसतो. (काही सर्व्हरांवर 'ट्रेंडिंग'चं पान असतं आणि त्यात स्टार मोजतात, पण ते त्या त्या सर्व्हरपुरतं.) म्हणून तर मॅस्टोडॉनवर जुने लोक नव्यांच्या मागे लागतात की आवडलं तर बूस्ट करा, नुसत्या स्टारने पोस्ट जागची हलत नाही.

घाणेरीताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. थोडं लांबेल, पण हे कळल्याशिवाय काय काढायचं ते कळणार नाही.

मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, मिस्की ही सगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात. २०१८ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तो मानक म्हणून जाहीर केला. यात मध्यवर्ती गोदाम असं काही नाहीच. त्या मुलाने पोस्ट टाकली तेव्हा ती तुमच्या पुण्याच्या सर्व्हरवर साठली आणि तिची एकेक प्रत, जिथे जिथे त्याचे फॉलोअर आहेत त्या सर्व्हरांना गेली. दहा फॉलोअर तीन सर्व्हरांवर असतील तर तीन प्रती. इथपर्यंत ती घरातच होती म्हणा.

मग प्राध्यापिकाबाईंनी बूस्ट दाबलं. त्यांच्या सर्व्हरने त्यांचे फॉलोअर असलेल्या प्रत्येक सर्व्हरला निरोप धाडला: 'आमच्या बाईंनी अमुक पत्त्यावरची पोस्ट पुढे केली आहे.' या निरोपात सहसा पोस्टचा मजकूर नसतो, नुसता पत्ता असतो. ज्या सर्व्हरकडे ती पोस्ट आधीपासून नव्हती, तो प्रत्येक सर्व्हर त्या पत्त्यावर, म्हणजे थेट तुमच्या पुण्याच्या सर्व्हरवर आला, पोस्ट घेतली आणि स्वतःकडे प्रत ठेवली. तिथून आणखी कोणी बूस्ट केलं की त्यांच्या फॉलोअरांच्या सर्व्हरांची तीच कहाणी. तुमच्या मुलाचं नावही न ऐकलेल्या सर्व्हरांवर ती पोचली ती अशी.

भाच्याचे ४ आणि मुलाचे ६३, दोन्ही खरे. बूस्टची खबर मूळ लेखकाच्या सर्व्हरला मिळते, म्हणून मुलाला जवळपास सगळे दिसतात. भाच्याच्या सर्व्हरला फक्त तिथवर येऊन पोचलेले बूस्ट माहीत.

डिलीटचं काय होतं? डिलीट हाही एक निरोपच. तुमचा सर्व्हर तो मुलाच्या फॉलोअरांच्या सर्व्हरांना पाठवतो, शिवाय ज्यांनी बूस्ट केलं, स्टार दिला किंवा उत्तर लिहिलं त्यांच्याही सर्व्हरांना. बाईंच्या फॉलोअरांच्या सर्व्हरांपर्यंत तो पुढे ढकलायचं काम मात्र बाईंच्या सर्व्हरचं. मॅस्टोडॉन ते करतं. बाकीची सॉफ्टवेअर करतीलच असं नाही, आणि एखादा सर्व्हर बराच काळ बंद पडलेला असेल तर निरोप हुकतोही. त्यातून डिलीट म्हणजे विनंती आहे. सभ्य सर्व्हर ऐकतात, न ऐकणाऱ्यावर जबरदस्ती करता येत नाही. पण घाबरू नका, बहुतेक प्रती पहिल्या तासातच जातील.

उंडगा

+१. फक्त एक भर. मिस्कीच्या बऱ्याच सर्व्हरांवर एडिट पोचतच नाही, पहिला मजकूर तसाच राहतो. म्हणजे एडिट केली असती तर तिकडे काहीच बदललं नसतं. डिलीट त्यांना कळतं.

घाणेरी

अडगळ, उंडगा, मनापासून आभार. मुलाकडून आत्ताच पोस्ट काढून घेतली. भाच्याच्या सर्व्हरवरून गेली, त्याने खात्री केली.

पण बाकीचे सर्व्हर कोणते ते कसं शोधू? ६३ जणांची यादीही आता पोस्टबरोबर गेली.

अडगळ

यादी गेली तरी सर्व्हरच्या नोंदी आहेत. वर म्हटलं तसं, नव्याने पोस्ट घेणारा प्रत्येक सर्व्हर स्वतः तुमच्याकडे आला होता, आणि येताना मॅस्टोडॉन आपला पत्ता सांगूनच येतं. तुमच्या ॲडमिन गृहस्थांना म्हणावं, वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग काढा, त्या पोस्टच्या क्रमांकाच्या ओळी वेगळ्या करा आणि यूजर एजंटच्या (येणारा स्वतःची ओळख सांगतो त्या) रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. हीच तुमची यादी. हे आज रात्रीच करायला सांगा, छोट्या सर्व्हरांवर लॉग थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जातात.

मग त्या सर्व्हरांवर त्या मुलाचं प्रोफाइल उघडून पोस्ट दिसते का बघायचं. काही ठिकाणी लॉगिन केल्याशिवाय दिसणार नाही, तिथे कोणी ओळखीचं गाठा. जिथे उरली असेल तिथल्या मॉडरेटरला रिपोर्ट करा किंवा 'अबाउट' पानावरच्या पत्त्यावर साधी मेल टाका: दुर्मीळ वनस्पतीचं ठिकाण उघड झालंय, मूळ पोस्ट काढली आहे, तुमच्याकडची प्रत काढावी. माझा अनुभव असा की हे लोक हौशी असतात आणि असल्या कारणाला नाही म्हणत नाहीत.

आणखी एक. तो मुलगा रागाच्या भरात खातं बंद करत असेल तर करू देऊ नका, आणि ॲडमिनसाहेब सर्व्हर गुंडाळायच्या विचारात असतील तर त्यांनाही थांबवा. सर्व्हर निरोप न पाठवता बंद झाला तर बाहेरच्या प्रती काढा असं सांगणारंच कोणी उरत नाही.

दुपारचा चहा

पोस्टचं झालं, पण साइटवरच्या लेखाचं काय? मॅस्टोडॉन फोटो चढवताना त्यातली जीपीएसची माहिती काढून टाकतं. वर्डप्रेस तसं करत नाही, मूळ फाइल जशी दिली तशी ठेवतं. मुलाने फोनमधला फोटो लोकेशन चालू ठेवून काढला असेल आणि तोच साइटवर चढवला असेल, तर देवळामागचं टाकं वगैरे वर्णन वाचायचीही गरज नाही, अक्षांश-रेखांश फोटोतच आहेत. मीडिया लायब्ररीतून मूळ फाइल उतरवून तपासा.

साइट बसली तेही बूस्टमुळेच. पोस्टमध्ये लिंक असली की तिच्याखाली चित्र-मथळ्याची चौकट येते ना, ती प्रत्येक सर्व्हर स्वतःची स्वतः बनवतो आणि त्यासाठी तुमच्या पानावर येऊन जातो. मॅस्टोडॉन सगळ्यांनी एकदम धडकू नये म्हणून मिनिटभराच्या आत मागेपुढे करतं, पण शेकडो सर्व्हर मिनिटभरात आले तर स्वस्त होस्टिंगवरचं वर्डप्रेस कसं टिकणार? माणसं आलीच नव्हती, सगळी यंत्रं. कॅशिंगचं एखादं प्लगइन टाका, म्हणजे दर वेळी पान नव्याने बनवावं लागणार नाही. होस्टिंगवाल्यांना लॉग दाखवून हेच कळवा, जास्तीचे पैसे लगेच भरू नका.

खुंटी

लाईकबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण मग असल्या फुलांचे फोटो टाकायचेच नाहीत का? 'फक्त फॉलोअर' करून टाकली तर?

उंडगा

चालेल की. 'फक्त फॉलोअर' ठेवलेली पोस्ट दुसऱ्या कोणाला बूस्ट करता येत नाही. मात्र खात्याला फॉलो विनंतीची अट लावा, नाहीतर कोणीही फॉलो करून आत येईल. 'अनलिस्टेड'च्या भरवशावर राहू नका. ती हॅशटॅगखाली आणि शोधात येत नाही एवढंच, बूस्ट अगदी व्यवस्थित होते. गटातल्या नव्या मुलांचा नेमका तिथे गोंधळ होतो.

मी इकडे आलो २०१९ च्या नोव्हेंबरात, वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून जी लाट आली तिच्यात. तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटायचं की मॅस्टोडॉन म्हणजे खाजगी जागा. खाजगी कसली, चव्हाटा आहे, फक्त मालक अनेक.

माझं मत विचाराल तर फोटो बिनधास्त सार्वजनिक टाकावा, खाली जिल्ह्याच्या पलीकडे काही लिहू नये. अभ्यासकाला पुढचं हवं असेल तर तो निरोप पाठवून विचारेल.

घाणेरी

आत्तापर्यंतचं सांगते. ॲडमिनकाकांनी रात्री बसून लॉग काढला, दोनशेच्या वर सर्व्हर निघाले. भाचा आणि मी वाटून घेऊन तपासतोय. बहुतेक ठिकाणी पोस्ट नाही. तीन ठिकाणी होती, त्यातल्या दोघांनी मेल मिळाल्यावर लगेच काढली, एकाने तर फुलाचं नाव विचारलं. प्राध्यापिकाबाईंनाही कळवलं. त्यांनी स्वतःहून त्यांच्या फॉलोअरांना सांगितलं की कोणी स्क्रीनशॉट ठेवला असेल तर ठिकाण पुढे देऊ नका. साइटवरच्या फोटोत जीपीएस होतंच! 'दुपारचा चहा' यांना पेढे.

होस्टिंगवाल्यांचं उत्तर यायचंय.

आता उरलंय एकच, जपानमधला मिस्कीचा सर्व्हर. पोस्ट तिथे अजून दिसतेय आणि नियमांचं पान, संपर्काचं पान, सगळं जपानीत. इंग्रजीत मेल टाकली होती, उत्तर नाही. यंत्राकडून भाषांतर करून पाठवायला धजत नाही, भलताच सूर लागायचा. इथे जपानी शिकलेलं कोणी आहे का?

दुपारचा चहा

मी आहे. मजकूर आणि त्या पानाची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळपर्यंत जपानीत लिहून देते. पठाराचं नाव मात्र खोडून पाठवा.